अल्सर भरतोय, ताटही भरलेले असू द्या



या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र निवडले आहे. त्यांच्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. गुडघेदुखीसाठी त्या दोन वर्षे मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या घेत होत्या. एके दिवशी डांबरासारखे काळे शौच झाले, घेरी आली आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा जठरात अल्सर, म्हणजे व्रण, असल्याचे दिसले. उपचार झाले, त्या घरी आल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. पोटातले दुखणे कमी आहे, पण वजन ५८ किलोवरून ५४ वर आले आहे आणि हिमोग्लोबिन ८.४ आहे.

भगिनी पुढे लिहितात, "अम्मींना आम्ही दूध, पाव, बिस्किटे आणि दूधभात सोडून काहीच देत नाही. शेजारच्या खाला म्हणाल्या की मासे नको, मटण नको, डाळ नको, फोडणी तर मुळीच नको. अम्मीसुद्धा म्हणतात, माझ्यासाठी वेगळे काही करत बसू नका, दूध-पाव पुरे. रमजान आला की रोजे ठेवणार असेही म्हणतात. त्यांना नक्की काय खायला द्यावे?"

असे प्रश्न अनेक घरांतून येतात, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे. आधी थोडक्यात सांगते. अल्सर बरा होतो तो औषधाने आणि मूळ कारण दूर केल्याने. जेवणाचे काम वेगळे आहे. जखम भरून येण्यासाठी शरीराला जे सामान लागते ते पुरवणे आणि गेलेले रक्त पुन्हा तयार करणे, हे जेवणाचे काम. म्हणून "काय बंद करावे" या प्रश्नाच्या आधी "पुरेसे पोटात जाते आहे का" हा प्रश्न विचारावा. पत्रातल्या अम्मींच्या बाबतीत त्याचे उत्तर "नाही" असे आहे.

अल्सर तिखटाने होतो का?

आपल्याकडे अल्सर म्हटले की दोष मिरचीवर आणि मसाल्यावर जातो. पूर्वी डॉक्टरही ताणतणाव आणि खाण्यापिण्यालाच कारण मानत असत. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी रुग्णांच्या जठरातून एक वळणदार जंतू वेगळा करून वाढवला. आज त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. हा जंतू जठराला सूज आणतो आणि त्यातून अल्सर होतो, असे त्यांचे म्हणणे होते. सुरुवातीला फार थोड्यांना ते पटले. १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन दाखवले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या गटातील औषधे जठराच्या आतल्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. ती केवळ पोटात पडून टोचतात असे नाही, रक्तात गेल्यावरही हाच परिणाम करतात. त्यामुळे गोळी जेवून घेतली, दुधाबरोबर घेतली किंवा तिच्याऐवजी इंजेक्शन घेतले, तरी धोका टळत नाही.

बहुतेक अल्सर या दोन कारणांनी होतात. मिरचीने अल्सर होत नाही. मात्र जखम ओली असताना तिखट पोटात गेले तर काहींना जळजळ होते, दुखते. म्हणून काही काळ तिखट कमी करणे योग्यच आहे. पण तिखट बंद केले म्हणून अल्सर बरा होईल, हा समज चुकीचा. गुडघ्याची गोळी चालू ठेवायची आणि अम्मींची मिरची बंद करायची, याला उपचार म्हणता येणार नाही.

म्हणून पहिले काम हे करा. घरात जितक्या गोळ्या आहेत त्या सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यासाठी साधी पॅरासिटामॉल चालेल का, किती घ्यावी, हे विचारा. एक काळजी घ्या. बाजारात पॅरासिटामॉलबरोबर दुसरे वेदनाशामक मिसळलेल्या गोळ्याही मिळतात, त्यामुळे पाकिटावर लिहिलेली सगळी नावे वाचून घ्या. आणि हृदयविकारासाठी कोणाला अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचाच.

दुधाचा पथ्याहार आला कुठून?

"अल्सरला दूध चांगले" हा सल्ला आपल्या आजीच्या बटव्यातला वाटतो, पण त्याला डॉक्टरांनीच मोठा हातभार लावला आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात बर्ट्राम सिप्पी नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९१५ साली अल्सरच्या रुग्णांसाठी दर तासाला दूध आणि साय, आणि मधल्या वेळात आम्लनाशक चूर्ण, असा आहार सुचवला. पुढे कित्येक दशके हा आहार जगभर चालला. त्या काळी आम्ल कमी करणारी आजच्यासारखी परिणामकारक औषधे नव्हती, त्यामुळे दुसरा इलाजही फारसा नव्हता.

दूध प्यायल्यावर थोडा वेळ बरे वाटते हे खरे. ते आम्लाला काही काळ सौम्य करते. पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. म्हणून तासा-दोन तासांनी जळजळ परत येते, रुग्ण पुन्हा दूध मागतो आणि हे चक्र चालू राहते. शिवाय भरपूर दूध आणि चूर्ण दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा झाल्याचेही दिसून आले. आज हा आहार डॉक्टर देत नाहीत. घराघरांत मात्र तो अजून टिकून आहे.

याचा अर्थ दूध बंद करा असा नाही. दिवसाला एक-दोन कप दूध सोसत असेल तर ते चांगले अन्न आहे. ते औषध म्हणून देऊ नका आणि जेवणाच्या जागी देऊ नका, एवढेच.

हिशोब मांडून पाहू

जखम भरायला प्रथिने लागतात. साधारणपणे निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १ ग्रॅम प्रथिने लागतात. आजारातून उठणाऱ्याला सुमारे १.२ ग्रॅम धरतात. ५४ किलोच्या अम्मींना म्हणजे दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता सध्याचे ताट मोजू. तीन पेले दुधातून सुमारे १९ ग्रॅम, दोन पावांतून ७, चार बिस्किटांतून २ आणि वाटीभर भातातून ३ ग्रॅम. एकूण जेमतेम ३१ ग्रॅम. गरजेच्या निम्मेसुद्धा नाही. त्यात लोह जवळपास काहीच नाही, आणि रक्त गेलेल्या माणसाला लोहाची गरज सर्वांत जास्त असते. वजन उतरले आणि हिमोग्लोबिन वर येत नाही, याचे एक कारण या ताटातच आहे. तरीही उतरलेले वजन डॉक्टरांच्या कानावर घालाच. पुरेसे खाऊनही वजन घटत राहिले, तर पुन्हा तपासणी लागते.

वेगळा स्वयंपाक नको, वेगळी वाटी हवी

"माझ्यासाठी वेगळे काही करू नका" हे घरातल्या मोठ्या बाईचे नेहमीचे वाक्य आहे. सुनेला त्रास नको म्हणून ती अर्धपोटी राहते आणि भूकच नाही असे सांगते. यावर सोपा उपाय आहे. सगळ्यांसाठी जे शिजते त्यातलाच तिचा वाटा तिखट पडण्याआधी बाजूला काढायचा.

डाळ शिजली की दाट वाटीभर आधी काढून ठेवा. तिला हळद, मीठ, चमचाभर तेला-तुपात जिऱ्याची फोडणी आणि कोथिंबीर पुरे. मग उरलेल्या डाळीत मिरची-लसणाची फोडणी द्या. हळद, जिरे, धणे, बडीशेप, वेलची, आले यांची भीती बाळगायचे कारण नाही. चव असेल तर रुग्ण दोन घास जास्त खातो.

मासे बंद करण्याची तर काहीच गरज नाही. पापलेट, सुरमई किंवा बांगडा, जो बाजारात ताजा मिळेल तो घ्या. नारळाच्या दुधात हळद, धणे-जिऱ्याची पूड आणि आल्याचा रस घालून मासा हलका शिजवा. कोकम घालायचे तर एखादेच, आणि जळजळ होते का ते पाहा. मासा मऊ असतो, चांगली प्रथिने देतो आणि आपल्या माणसाच्या जिभेला ओळखीचा असतो. फक्त काही आठवडे तळलेली तुकडी आणि लाल तिखटाचे सार बाजूला ठेवा.

कोंबडीची यखनी बहुतेक घरांत आजाऱ्याला दिली जाते. पण एक चूक सर्रास होते. पातळ शोरबा रुग्णाला पाजतात आणि मांस बाकीच्यांच्या ताटात जाते. शोरब्यात चव असते, पाणी आणि मीठ असते, प्रथिने मात्र थोडीच असतात. ती मांसात असतात. म्हणून मांस मऊ शिजवा, हाडापासून सोडवून बारीक करा आणि शोरब्यातच घालून द्या.

गहू, डाळी आणि मांस एकत्र घोटून केलेला खिचडा तर अशा वेळी उत्तम. तूप आणि तिखट कमी ठेवा, वरचा तळलेला कांदा टाळा. मराठवाड्यातल्या किंवा घाटावरच्या घरांत ज्वारीची मऊ भाकरी डाळीत कुस्करून द्यावी. कोकणात तांदळाची भाकरी किंवा घावणे आहेतच. मुगाची मऊ खिचडीही सगळीकडे चालते.

भाज्यांत दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, गाजर, पालक मऊ शिजवून द्या. फळांत केळे, पपई, चिकू आणि वाफवलेले सफरचंद सहसा चांगले सोसते. दही ताजे, गोडसर असावे. अंडे उकडून किंवा कमी तेलात मऊ भुर्जी करून द्या. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात.

गेलेले रक्त भरून काढताना

डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती बंद करू नका. गोळीने मळमळ होत असेल किंवा पोट दुखत असेल तर त्यांना सांगा, औषध बदलता येते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे अन्नातले लोह थोडे कमी शोषले जाते, म्हणून आहारातून लोह देण्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

मांस, मासे आणि कलेजी यांतले लोह शरीर सहज घेते. आठवड्यातून एकदा छोटी वाटी कलेजी पूर्ण शिजवून, कमी मसाल्यात दिली तरी चांगला उपयोग होतो. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने मात्र कलेजी खाऊ नये, कारण तीत जीवनसत्त्व 'अ' फार असते. जे मांस खात नाहीत त्यांनी मसूर, चवळी, हिरव्या पालेभाज्या आणि चमचाभर अळीव भिजवून केलेली खीर घ्यावी. वनस्पतीतले लोह शोषायला जीवनसत्त्व 'क' मदत करते. लिंबू झोंबत असेल तर पपई किंवा बिया काढलेला पिकलेला पेरू द्या.

आणि जेवणावर लगेच चहा नको. चहातले द्रव्य लोहाला अडवते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. उपाशीपोटी कडक चहा किंवा कॉफी तर नकोच, दोन्ही जठराला आम्ल सोडायला लावतात. सकाळच्या चहाशिवाय ज्यांचे चालत नाही त्यांनी काही खाऊन मग अर्धा कप, कमी पत्तीचा घ्यावा.

एका दिवसाचे ताट

खालील दिवस नमुना म्हणून दिला आहे. आपल्या घरात जे पिकते, शिजते त्याप्रमाणे बदल करा.

सकाळी उठल्यावर आम्ल कमी करणारी गोळी पाण्याबरोबर. ती खाण्याच्या अर्धा तास आधी घेतली तरच नीट काम करते. चहानंतर किंवा नाश्त्यानंतर घेतली तर अर्धा गुण वाया जातो.

नाश्ता: दोन अंड्यांची मऊ भुर्जी आणि दोन घावणे किंवा एक भाकरी. सुमारे १६ ग्रॅम प्रथिने.

अकरा वाजता: केळे किंवा पपई आणि वाटीभर ताजे दही. सुमारे ५ ग्रॅम.

दुपारचे जेवण: मऊ भात, वाटीभर दाट डाळ, नारळाच्या दुधातल्या माशाचे दोन तुकडे आणि मऊ शिजवलेली भाजी. सुमारे २६ ग्रॅम.

संध्याकाळी: कपभर दूध किंवा अळिवाची खीर. सुमारे ५ ग्रॅम.

रात्री आठच्या आत: यखनीत बारीक केलेली कोंबडी आणि भाकरी, किंवा वाटीभर खिचडा. सुमारे १४ ग्रॅम.

एकूण ६६ ग्रॅमच्या आसपास होते. यात महागडे टॉनिक नाही, डब्यातली पावडर नाही. घरचेच अन्न आहे. सुरुवातीला एवढे जात नसेल तर वाट्या लहान करा, पण डाळ, अंडे, मासा यांचा वाटा सोडू नका. कमी खायचे झाले तर भात कमी करा, मासा नको.

काही जणी रुग्णाला दर तासाला काही ना काही भरवत राहतात. त्याची गरज नाही. प्रत्येक खाण्याबरोबर जठर आम्ल सोडते. तीन बेताची जेवणे आणि मध्ये एक-दोन हलकी खाणी पुरतात. रात्री जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. झोपताना दुधाचा पेला देण्याची प्रथाही सोडा, त्याने रात्रीचे आम्ल वाढते.

काय टाळावे

सगळ्यांसाठी बंद अशी यादी छोटी आहे. डॉक्टरांना न विचारता घेतलेले वेदनाशामक बंद. विडी-सिगारेट बंद, कारण धूम्रपानाने अल्सर उशिरा भरतो आणि पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते. तंबाखू, गुटखा आणि दातांना लावायची मिशरीही सोडावी. मिशरीला पुष्कळ बायका व्यसन मानत नाहीत, पण तीसुद्धा तंबाखूच.

बाकी गोष्टी माणसागणिक बदलतात. एकाला टोमॅटो सोसत नाही, दुसऱ्याला हरभऱ्याची डाळ. म्हणून शेजारणीची यादी आपल्या रुग्णाला लावू नका. एक साधी वही करा. काय खाल्ले आणि त्यानंतर दुखले का, एवढेच दोन आठवडे लिहा. ज्या पदार्थाने दोन-तीन वेळा त्रास झाला तो तेवढा बाजूला ठेवा. महिन्याभराने थोडासा पुन्हा देऊन पाहा. तिखट, आंबट, तळलेले हेही असेच हळूहळू परत येऊ द्या. जन्मभराचे पथ्य लागत नाही.

कलौंजी, मध, जेष्ठमध यांविषयीही विचारले जाते. चमचाभर मध किंवा चिमूटभर कलौंजी जेवणात घ्यायला हरकत नाही, पण जंतूविरुद्ध दिलेल्या औषधांची जागा ती घेऊ शकत नाही. जेष्ठमध मात्र जपून. ते रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी ते टाळावेच. जळजळ झाली की पाण्यात खाण्याचा सोडा घालून पिण्याची सवयही सोडा. त्यातून भरपूर सोडियम पोटात जाते आणि आजार झाकला जातो.

गोळ्या पूर्ण करा, मग तपासा

जंतू सापडला असेल तर दोन किंवा अधिक प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी, असा बहुधा १४ दिवसांचा कोर्स असतो. चार दिवसांत दुखणे थांबते आणि उरलेल्या गोळ्या कपाटात राहतात. मग जंतू पूर्ण मरत नाही आणि पुढच्या वेळी तीच औषधे त्याला लागू पडत नाहीत. तोंड कडू होते, मळमळते, तरी कोर्स पुरा करा. फार त्रास झाला तर डॉक्टरांना फोन करा, आपणहून थांबू नका.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही याची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात. त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी थांबवावी लागते, पण तीही डॉक्टरांना विचारून. जठरातला अल्सर असेल तर तो पूर्ण भरला हे पाहण्यासाठी डॉक्टर पुन्हा दुर्बिणीची तपासणी सांगू शकतात. "आता बरे वाटते, खर्च कशाला" म्हणून ती टाळू नका. जठराच्या कर्करोगाची जखम सुरुवातीला साध्या अल्सरसारखीच दिसू शकते, म्हणून ही खात्री महत्त्वाची.

हा जंतू घरातल्या घरात, बहुधा लहानपणीच, तोंडावाटे पसरतो. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे, पाणी उकळून पिणे आणि लहान मुलाला आपल्या तोंडात चावलेला घास न भरवणे, एवढे नियम पुरे. रुग्णाला दस्तरखानावरून उठवून वेगळे बसवण्याची गरज नाही.

रमजानचा प्रश्न

रोजा ठेवण्याची अम्मींची ओढ समजण्यासारखी आहे. आयुष्यभर एकही रोजा न सोडलेल्या माणसाला तो सोडणे आजारापेक्षा जड वाटते. पण अल्सर ताजा असताना, विशेषतः त्यातून रक्तस्राव झाला असेल तर, जखम भरल्याची खात्री होईपर्यंत डॉक्टर सहसा रोजा ठेवू देत नाहीत. दिवसभरातल्या औषधांच्या वेळा चुकतात, खाणे पुरेसे होत नाही आणि पुन्हा रक्त गेले तर जिवावर बेतू शकते.

आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आपल्या दीनमध्येच दिलेली आहे. बरे झाल्यावर कजा रोजे ठेवता येतात. ही सवलत घेण्यात कमीपणा मानू नये. आपल्या आजाराला कोणता नियम लागू होतो हे विश्वासू आलिमांना विचारा, आणि त्याआधी डॉक्टरांचे मत घ्या, कारण आलिमही पहिल्यांदा तेच विचारतील.

अल्सर पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, तर रोजे ठेवताना तीन गोष्टी पाळा. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर ती सेहरीच्या अर्धा तास आधी घ्या. सेहरी चुकवू नका आणि ती फक्त चहा-खारीवर करू नका, तीत अंडे, दही, डाळ किंवा दलिया असू द्या. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग यखनी किंवा डाळीचे सूप आणि थोड्या वेळाने जेवण. भजी, समोसे आणि कडक चहाने उपाशी पोटाची सुरुवात करू नका. रोज्यात पोटात तीव्र दुखले, उलटी झाली किंवा शौच काळे झाले, तर रोजा सोडून डॉक्टरांकडे जा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

डांबरासारखे काळे, चिकट, दुर्गंधी असलेले शौच. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडणे. अचानक सुरी खुपसल्यासारखे दुखून पोट टणक होणे. घेरी येणे, दरदरून घाम येणे, छातीत धडधडणे. यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठा, मध्यरात्र असली तरी. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते, पण ते सहसा चिकट आणि दुर्गंधीयुक्त नसते. फरक ओळखता येत नसेल तर डॉक्टरांना विचारणे हाच सुरक्षित मार्ग. वारंवार उलट्या, घास गिळताना अडकणे किंवा वजन घटत राहणे, यांतले काही दिसले तर चार दिवसांत भेट घ्या.

शेवटी घरातल्या सर्वांना एक विनंती. आजाऱ्याच्या खाण्याची जबाबदारी एकट्या सुनेवर टाकू नका. मुलाने बाजारातून ताजा मासा आणावा, नातीने वही लिहावी, कोणीतरी सकाळची गोळी वेळेवर द्यावी. आणि जेवायला बसताना आजाऱ्यालाही सगळ्यांच्या बरोबर बसवा. एकट्याने कोपऱ्यात बसून दूधभात खाणारा माणूस कमीच खातो. सगळ्यांमध्ये बसून, आपल्याच घरचे सालन कमी तिखटाचे का असेना, खाणारा माणूस लवकर सावरतो. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो.